चोचवाला डॉक्टर: कातड्याचा प्लेग-मुखवटा शिवताना

रापी (धागाकर्ता)

मंडळी, गेल्या दीड वर्षात कातड्याचे चार मुखवटे शिवले. चारही एकाच बाबाचे. लांब चोच, गोल काचेचे डोळे, तोंडाचा पत्ता नाही. युरोपातला तो प्लेगचा डॉक्टर. फोटो चढवायचा तीनदा प्रयत्न केला, चढत नाहीये, तेव्हा शब्दांवर भागवा.

पहिला मुखवटा जुन्या जॅकेटच्या कातड्याचा केला आणि तिथेच माती खाल्ली. जॅकेटचं कातडं क्रोममध्ये कमावलेलं असतं. मऊ, चिवट, पण दिलेला आकार धरून ठेवत नाही. भिजवलं, साच्यावर ताणलं, दोन दिवस वाळवलं, साचा काढला आणि चोच लोंबली. घरून शेरा आला, "गणपती छान झालाय."

दुसऱ्यांदा एका व्यापाऱ्याकडून 'झाडाच्या सालीत कमावलेलं' म्हणून महागडा तुकडा आणला. घरी येऊन पाण्याचा थेंब टाकला तर थेंब मोत्यासारखा वर बसून राहिला. वरून प्लास्टिकचा थर! कोरं साल-कमावलेलं कातडं थेंब पिऊन टाकतं आणि तिथे गडद डाग उमटतो. ही परीक्षा दुकानातच करा, दुकानदाराचं तोंड वाकडं झालं तरी.

खरं काम तिसऱ्यापासून सुरू झालं. म्हशीचं कातडं, चेहऱ्याला अडीच मिलिमीटर, चोचीला दोन. कोमट पाण्यात बुडबुडे थांबेपर्यंत बुडवायचं, मग ओल्या टॉवेलात गुंडाळून रात्रभर ठेवायचं. सकाळी कातडं हाताला थंड लागतं पण ओलं दिसत नाही, मूळ रंग कडेकडेनं परत यायला लागलेला असतो. ती दीड-दोन तासांची वेळ आपली. त्या वेळात ते मातीसारखं ऐकतं. नंतर ऐकत नाही.

चोच दोन बाजूंची, एकमेकींचं आरशातलं रूप, वर एक शिवण, खाली एक. सुताराकडून सागाच्या तुकड्याचा किंचित वाकडा शंकू करून घेतलाय, त्यावर कातडं दाबत न्यायचं. बोटांनी नाही, नखं उमटतात. शिंगाच्या गुळगुळीत पट्टीनं. वाळवताना घाई केली की संपलं. मी एकदा केसांचा ड्रायर जवळ धरला, तर कपाळ आक्रसून म्हाताऱ्याचं झालं. सालीचं कातडं जास्त गरम झालं की आखडतं आणि मग कशानंही परत येत नाही.

शिवण दोन सुयांची, दोरा एकच. काटा-चमच्यातल्या काट्यासारख्या हत्यारानं चार-चार मिलिमीटरवर खुणा, त्यातून आरी, मग दोन्ही बाजूंनी सुया. दोऱ्याला मेण. मजा येते ती चोचीच्या टोकाला. आत हात जात नाही, दिसत काही नाही, सुई कुठे निघाली ते फक्त बोटाच्या टोकाला कळतं. टोकाचे शेवटचे नऊ टाके घालायला मला अख्खा एपिसोड लागला (कुठला ते विचारू नका, बघत नव्हतोच).

आता मुद्दा. एवढं सगळं होईपर्यंत टेबलावर जे पडलेलं होतं ते बूट होतं. विचित्र आकाराचा बूट. रात्री साडेअकराला पन्नास मिलिमीटरच्या दोन काचा कातड्याच्या चकत्यांत बसवल्या, पितळी कडी ठोकली, उताणा ठेवला आणि पाणी प्यायला उठलो. परत आलो तर खुर्ची फिरवून बसलो. मुखवट्याकडे पाठ होईना. स्वतः कापलेलं, स्वतः शिवलेलं, आत काय आहे ते टाक्यानिशी माहीत, आणि तरी. असं का होतं? तुम्हाला काय वाटतं?

कडूकारलं

भारीच! चौदाव्या शतकातल्या काळ्या मृत्यूच्या वेळी हे लोक असे गल्लोगल्ली फिरत, तेव्हा किती भेसूर दिसत असेल!

ओसरी

कडूकारलं, नाही हो. हा समज इतका पसरलाय की आता दुरुस्त करायचाही कंटाळा येतो. १३४७ ते १३५१च्या त्या साथीत चोचवाला कुणी नव्हता. निदान तसा एकही पुरावा नाही. हा पोशाख सतराव्या शतकातला.

श्रेय दिलं जातं ते शार्ल द लॉर्म या फ्रेंच वैद्याला, तेराव्या लुईच्या दरबारातला. साल सांगतात १६१९. त्याच्या पोशाखाचं वर्णन मात्र त्याच्या मृत्यूनंतर, १६८२ साली छापलेल्या चरित्रात येतं. बकऱ्याच्या मोरोक्को कातड्याचा अंगरखा, डोळ्यांवर चष्मा, तोंडात लसूण आणि सताप ही उग्र वासाची वनस्पती, नाकाकानांत धूप. चोचीची जी लांबी पुढे सगळीकडे सांगितली जाते ती अर्धा फूट, आणि तिला दोनच भोकं, नाकपुड्यांपाशी. बाबा ९४ वर्षं जगला. लसणीचा गुण की चोचीचा, ठरवा तुम्ही.

आणि आपण सगळे जे चित्र डोळ्यांसमोर आणतो, काळा झगा, पंजासारखे हातमोजे, हातात काठी आणि काठीच्या टोकाला पंखवालं वाळूचं घड्याळ, ते १६५६ सालचं, पाउल फ्युर्स्ट नावाच्या न्युरेंबर्गच्या प्रकाशकाचं. त्या साली रोममध्ये प्लेग होता. चित्राचं नावच 'रोमचे डॉक्टर चोच'. मागे पाहा, पोरं पळताहेत. खालच्या कवितेत अर्धी लॅटिन, अर्धी जर्मन भाषा आणि सगळा रोख डॉक्टरच्या कमाईवर. म्हणजे ते टिंगलचित्र आहे! आज आपण घाबरतो ते एका व्यंगचित्राला.

१७२१ साली जिनिव्हाच्या मांजे या डॉक्टरने प्लेगवरच्या ग्रंथात असंच चित्र छापलं, मार्सेयच्या साथीच्या पाठोपाठ. जर्मनीत इंगोलस्टाटच्या आणि बर्लिनच्या संग्रहालयांत असे मुखवटे आहेत, पण ते खरंच कुणा डॉक्टरने रोग्याजवळ जाताना घातले होते का, याविषयी अभ्यासकांनीच शंका घेतलीये. तेव्हा रापी, तुम्ही अस्सलची नक्कल करताय की चित्राची, हा प्रश्न तुमच्यासाठी.

रापी

चित्राचीच. कबूल. पण शिवणारा म्हणून एक सांगतो. फ्युर्स्टच्या चित्रातली चोच तशीच्या तशी कातड्यात उतरवली की मान खाली जाते. दुसऱ्या मुखवट्यात मी चोच अकरा इंचांची केली होती. दहा मिनिटांत मानेला रग लागली आणि पट्टे कानावर कापायला लागले. अर्ध्या फुटाच्या चोचीला हा त्रास नाही. म्हणजे ते वर्णन लिहिणाऱ्यानं निदान घातलेला माणूस तरी पाहिला असावा, हा माझा आपला चांभारी पुरावा.

भावड्या_कागल

दादा लय भारी काम. आमच्याकडं तीन पिढ्या चपलंचं काम चालतंय म्हणून बोलतो. बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं घ्या, आकार धरायला त्याच्यासारखं दुसरं नाही. नवी कोल्हापुरी पायाला कशी चावती आणि महिन्यानं पायाचाच साचा होऊन बसती, तेच गणित.

दोन गोष्टी. शिवणीच्या जागी कडा रापीनं (कातडं तासायच्या पात्यानं) आतून तासून पातळ करता का? नाहीतर दोन थर एकावर आले की चार मिलिमीटरचा बांध होतो, चोचीवर वरनं दिसतो. दुसरं, रंग कसला लावला? बाजारचा काळा रंग पावसाळ्यात गालाला लागतो.

रापी

भावड्या, तासतो, पण तुमच्यासारखं नाही जमत. दोनदा आरपार गेलोय.

रंगाचा किस्सा सांगतोच. बाटलीतला रंग लावलाच नाही. गंजलेले खिळे आणि लोखंडी काथ्या व्हिनेगरमध्ये दहा-बारा दिवस टाकून ठेवले, झाकण सैल. (घट्ट लावू नका, वायू होतो.) ते गाळलेलं पाणी चहाच्या रंगाचं असतं. ब्रशनं कातड्यावर ओढलं की आधी काहीच होत नाही, मग करडं, मग डोळ्यांदेखत निळसर काळं. रंग वर बसत नाही, कातड्यातल्या सालीच्या तुरटपणाशी लोखंडाचा संयोग होऊन आतूनच काळं पडतं. म्हणून घामानं उतरत नाही. नंतर खायच्या सोड्याच्या पाण्यानं पुसून घ्यायचं, नाहीतर आंबट वास जात नाही, शिवाय राहिलेलं आम्ल कातडं खातं. शेवटी तेल आणि मेण.

भावड्या_कागल

म्हणजे हिराकस (लोखंडाचा क्षार) आणि हिरडा! आज्जा म्हणायचा, जुनी शाई अशीच करायचे. हिरड्याच्या पाण्यात हिराकस टाकला की काळंभोर. तुम्ही कातड्याचीच शाई केली की राव.

नाडीपरीक्षा

वैद्यकीय बाजू थोडक्यात, कारण इथे 'ते किती अडाणी होते' हा सूर लवकरच येईल.

त्यांची चूक अडाणीपणाची नव्हती. तेव्हाचा पक्का समज असा की रोग दूषित हवेतून, दुर्गंधीतून येतो. एकदा ते मानलं की चोच हे अगदी तर्कशुद्ध यंत्र आहे. बाहेरची हवा आत येताना सुगंधी द्रव्यांतून आली पाहिजे, म्हणून नाकापुढे जागा हवी, म्हणून चोच. आत कापूर, पुदिना, लवंग, गुलाबपाकळ्या, बोळ असलं काय काय. ओसरींनी सताप लिहिलाय. आमच्याकडे कोकणात तान्ह्या बाळाला सर्दी-खोकला झाला की अजून सतापच आठवते. वासावरचा विश्वास युरोपाची मक्तेदारी नाही.

जंतू सापडला १८९४ साली हाँगकाँगला, येर्सिनला. उंदरावरच्या पिसवेतून तो पसरतो हे सिमोंने १८९८ साली कराचीत दाखवलं. आणि इथे गंमत आहे. चोचीचा उपयोग शून्य, पण मेण चोळलेल्या कातड्याचा पायघोळ झगा, बूट आणि हातमोजे यांमुळे पिसवांना अंगापर्यंत पोचायला त्रास झालाच असणार. चुकीच्या कारणासाठी बरोबर कपडे. हे मी अंदाजानं म्हणतोय, कुणी मोजलेलं नाही.

खऱ्या अर्थानं प्लेगच्या डॉक्टरांचा मुखवटा म्हणाल तर तो १९१०-११च्या मांचुरियातला. फुप्फुसाचा प्लेग होता, तो श्वासातून पसरतो. वू लिएन-तेह या तरुण डॉक्टरने कापूस आणि गॉजचे थर बांधायला लावले. मेनी नावाच्या अनुभवी फ्रेंच डॉक्टरला ते पटलं नाही, तो तसाच रुग्णांत गेला आणि काही दिवसांत गेला. त्या पांढऱ्या फडक्याला कुणी भिंतीवर लावत नाही.

टपरीवरचा

एवढा खटाटोप कातड्याचा कशाला? फोमची शीट घ्या, गरम करा, चिकटवा, रंगवा. एका रविवारी होतं, वजन नाही, जनावर नाही. आमच्या ग्रुपमध्ये तिघांनी केलेत.

रापी

टपरीवरचा, फोमचा मुखवटा फोटोत माझ्यापेक्षा चांगला दिसेल, पैज लावतो. जनावराचा मुद्दाही मान्य, त्यावर माझ्याकडे चोख उत्तर नाही. पण हातात घ्या दोन्ही. कातडं अंगाच्या उबेनं दहा मिनिटांत गरम होतं आणि आतून वास येतो, मेण, जनावर, तुमचा स्वतःचा श्वास. गालापाशी ते थोडं हलतं, तुम्ही बोललात की. चेहऱ्यावर दुसऱ्या कुणाचा तरी चेहरा बसलाय असं फोममध्ये मला वाटलं नाही. तीही कातडीच, हीही कातडीच, हे कुठेतरी डोक्यात असतं बहुतेक.

मध्यलय

मी नाटकवाली, मुखवट्यांवर काम केलंय, म्हणून तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते.

आधी हा मुखवटा व्हेनिसच्या जुन्या परंपरेतला, हा गैरसमज. तिथल्या दुकानांत आज चोचवाला मुखवटा ढिगानं मिळतो, पण तो बहुतेक कागदाच्या लगद्याचा. मुखवटे करणारे तिथे जुने, १४३६ सालीच त्यांच्या धंद्याचे नियम लिहिले गेले होते. पण नेपोलियननंतर, १७९७पासून कार्निव्हल बंद पडला तो थेट १९७९ साली पुन्हा उभा राहिला. आणि हा डॉक्टर म्हणजे इटालियन मुखवटा-नाट्यातलं पात्रही नव्हे. तिथला 'डॉक्टर' वेगळा, पोट सुटलेला, पोकळ पंडित, त्याचा मुखवटा फक्त कपाळ आणि नाकाचा.

कातड्याचा नाट्यमुखवटा ही कला तर जवळजवळ विसरली गेली होती. दुसऱ्या महायुद्धानंतर पादुआच्या आमलेतो सार्तोरी या शिल्पकाराने ती पुन्हा खणून काढली. मिलानच्या पिक्कोलो थिएटरमध्ये मार्चेल्लो मोरेत्ती हा नट आर्लेकिनोची, म्हणजे त्याच मुखवटा-नाट्यातल्या विदूषकी नोकराची, भूमिका करायचा, तो सुरुवातीला मुखवटा नको म्हणून चेहरा रंगवूनच उभा राहत असे. सार्तोरीने लाकूड कोरून साचा केला, त्यावर ओलं कातडं ताणून शिंगाच्या हातोडीनं ठोकून ठोकून बसवलं, आणि असा मुखवटा दिला की मोरेत्तीने शेवटपर्यंत सोडला नाही. सार्तोरी बाप-लेकाच्या कामाचं संग्रहालय पादुआजवळ आबानो तेर्मेला आहे.

आता भीतीचं. सार्तोरीचा मुखवटा हलतो. म्हणजे कातडं हलत नाही, पण भुवयांचा उंचवटा, गालांची खोबण अशी कोरलेली असते की मान खाली घातली की तो खट्याळ, वर केली की भाबडा. उजेड फिरतो आणि भाव बदलतो. तुमच्या चोचवाल्यात नेमकं हेच नाही. भुवई नाही, ओठ नाही. डोळे पूर्ण गोल, त्यामुळे कुठल्याही बाजूने उजेड टाका, तो तसाच. आपण समोरच्या चेहऱ्यात सतत काहीतरी शोधत असतो, राग तर राग. इथे शोध संपतच नाही. तुम्ही पाठ फिरवू शकला नाहीत कारण तुमचं वाचून झालं नव्हतं.

रापी

मध्यलय, हे डोक्यात बसलं. चौथ्या मुखवट्यात मी शहाणपणा करून डोळ्यांवर किंचित उतरती पट्टी शिवली होती, भुवईसारखी. तो रागीट झाला, आणि रागीट झाल्यावर त्याची भीतीच गेली. पोरगा म्हणाला, "हा अँग्री बर्ड आहे." पट्टी उसवली. टाक्यांची भोकं अजून दिसतात.

कडूकारलं

चौदाव्या शतकाबद्दल कान पकडले. पण माझं एक साधं मत. आपण मराठी माणसांना चोच दिसली की पहिला आठवतो कावळा, आणि कावळ्याशी आपलं नातं दहाव्याचं. घाटावर पिंड ठेवून तासभर उन्हात उभं राहिलोय, तो झाडावर बसून मान वाकडी करून एकाच डोळ्यानं बघत होता. काकांनी काय काय कबूल केलं, शिवेना. त्या तासाभरात कावळा म्हणजे पक्षी नव्हता. रापींच्या टेबलावर तोच येऊन बसला असणार.

ओसरी

हे आवडलं. फ्युर्स्टला कावळा अभिप्रेत होता का ते सोडा, तुमच्या अंगावर काटा तुमच्याच घाटावरून येणार.

भुईचाफा

मी हा प्रकार घातलाय! मुलीच्या कॉलेजच्या कार्यक्रमात, भाड्यानं आणलेला, कातड्याचाच होता. आतली बाजू कुणी लिहिली नाही म्हणून लिहिते.

आतून काहीच भीतीदायक नसतं. सगळ्यात आधी आवाज, स्वतःच्या श्वासाचा, उशीत तोंड खुपसल्यासारखा. मग काचा धुरकटतात. पायाखालचं दिसत नाही, कारण चोच मध्ये येते. मी पायऱ्या शोधत सावकाश चालले होते, हात पुढे करून, अगदी बापुडवाणी. आणि समोरची बाई मागे सरकली. मला कळेचना का. मी म्हटलं, "अहो, मला जरा हात द्या." आवाज चोचीत घुमून असा निघाला की ती आणखी मागे. मी आंधळी कोशिंबीर खेळत होते आणि लोकांना वाटत होतं मी कुणाला तरी न्यायला आलेय.

तेव्हापासून वाटतं, त्या डॉक्टरांचंही असंच झालं असेल. रोग्याच्या दारात उभा राहून त्याला वाटत असेल मी मदतीला आलोय.

दुसरं. आमचं घर मूळचं पुण्यातलं. आजीनं तिच्या आईकडून ऐकलेली प्लेगची गोष्ट सांगायची, त्यात चोच वगैरे नाही. त्यात बूट. १८९७ साली रँडच्या हुकमानं गोरे शिपाई घर तपासायला यायचे, देवघरापर्यंत बुटांनी. पणजीच्या धाकट्या दिराला ताप होता. त्याला माळ्यावर गवऱ्यांच्या मागे ठेवून खाली सगळे चुलीशी बसून राहिले. प्लेगनं मेला तर घरात मरेल, पण छावणीत नेलं तर परत येत नाही, असं लोकांना वाटायचं. तो वाचला. आजी सांगताना जिना चढणाऱ्या बुटांचा आवाज काढायची, पाटावर बोटं आपटून. आम्हा मुलांना तेव्हा जी भीती वाटायची ती कुठल्या मुखवट्याला नाही.

नाडीपरीक्षा

भुईचाफा, तुमच्या आजीच्या गोष्टीतला महिना माहीत आहे का? त्याच वर्षी १० मार्चला सावित्रीबाई गेल्या, रुग्णसेवा करताना प्लेग होऊनच. मुंढव्याच्या मुलाला उचलून दवाखान्यात आणलं होतं त्यांनी. तोंडाला काही बांधलेलं असल्याचं कुठे वाचलेलं नाही.

भुईचाफा

महिना माहीत नाही. आजी फक्त 'शिमग्याच्या आसपास' म्हणायची. म्हणजे जवळजवळ तेच दिवस.

टपरीवरचा

धाग्याचा सूर गंभीर झालाय, पण एक व्यावहारिक प्रश्न. काचा धुरकटतात त्याचं काय केलंत? आमच्या फोमवाल्यांचीही तीच बोंब आहे.

रापी

आतून साबणाची कोरडी वडी हलकेच घासून मऊ फडक्यानं पुसायची, तासभर निभतं. पण खरा इलाज भोकांचा. चोचीच्या खालच्या शिवणीलगत मी सहा भोकं पाडली आणि चोच व चेहरा यांच्यामध्ये कातड्याचा एक पडदा शिवला, नाकाखाली. श्वास चोचीत जातो, डोळ्यांकडे येत नाही. जुन्या वर्णनात दोनच भोकं आहेत, म्हणजे त्या डॉक्टरांना दिसत काय होतं देव जाणे.

आत काय भरतो असं दोघांनी खाजगी निरोपात विचारलंय. लवंगा आणि भीमसेनी कापूर, पुरचुंडीत बांधून. पहिल्यांदा जास्त कापूर टाकला आणि डोळ्यांतून पाणी येऊन थांबेना. चिमूटभर पुरे.

भुईचाफा, तुमचं वाचल्यावर मुखवटा भिंतीवरून उतरवला. तसाही घरकामाच्या मावशी त्या खोलीत केर काढायला तयार नव्हत्या. म्हणायच्या, "दादा, त्याचं तोंड भिंतीकडे करा, मग येते." केलं होतं तसं. मग मागून फक्त पट्टे आणि बक्कल दिसायचे, तरी त्या त्याच्याकडे पाठ करून केर काढत नव्हत्या.

भावड्या_कागल

दादा नमुना टाका की कागदावर काढून. पोरगं म्हणतंय आपण एक करू, म्हशीचं कातडं घरात पडून हाय. पण चोच आम्ही वादीनं (कातड्याच्या बारीक पट्टीनं) शिवणार, दोऱ्यानं नाही.

रापी

वादीनं! हे आधी का नाही सुचलं. शनिवारी टाकतो. कागद ए-३ लागेल, दोन तुकड्यांत. चोचीच्या खालच्या शिवणीला चार मिलिमीटर जास्त धरलेत, ते कापू नका, तिथे पडदा बसतो. आणि टोकाचे टाके आधी घाला.